तारखा तोंडपाठ, मनात अढी

मागच्या वेळी आपण अंतर्गत कर्जाच्या व्याजाचा हिशोब बघितला होता. आज हिशोब नाही, इतिहास सांगणार आहे. पण हा इतिहास मी का उकरून काढला त्याचं कारण आमच्याच गावात घडलं, म्हणून आधी ते सांगते.

गेल्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर, आमच्या ग्रामसंघानं शाळेच्या ओट्यावर पोरापोरींसाठी प्रश्नमंजूषा ठेवली होती. वीस प्रश्न, सगळे मी काढलेले. बीएला माझा इतिहास होता, त्यामुळं हे काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. निजामाचं नाव काय, पोलीस कारवाई कधी सुरू झाली, रझाकारांचा म्होरक्या कोण, उमरीची बँक कधी लुटली, असे प्रश्न. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा होता. मीर उस्मान अली, १३ सप्टेंबर १९४८, कासिम रझवी, ३० जानेवारी १९४८. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. वीसपैकी एकोणीस बरोबर. नुसता इतिहासच नाही, विधानसभेत आमदार किती, कोणतं कलम कशाचं, सगळं त्याच्या जिभेवर आहे. टाळ्या झाल्या, बक्षीस म्हणून स्टीलची पाण्याची बाटली दिली.

मग पोहे वाटायला घेतले. पातेलं घेऊन आमच्या गटाच्या कोषाध्यक्ष पुढं आल्या. त्या मुसलमान आहेत, आम्ही सगळ्या त्यांना आपा म्हणतो. नऊ वर्षं झाली, पेटीची किल्ली त्यांच्याकडं आहे आणि हिशोबात कधी रुपयाचा फरक आला नाही. तर हाच पोरगा शेजारच्याच्या कानात म्हणाला, म्हणजे त्याला वाटलं कानातच, "रझाकार पोहे वाटूलालेत बघ." चार-पाच पोरं फिदीफिदी हसली. आपांनी ऐकलं. त्याच्या ताटलीत पोहे वाढले, वर शेव घातली आणि त्या पुढच्याकडं गेल्या.

मीही ऐकलं होतं. मी काही बोलले नाही. कार्यक्रम बिघडायला नको, सरपंच बसलेत, असं मनाला सांगितलं.

रात्री माझा प्रश्नांचा कागद परत काढून बघितला. वीस प्रश्नांत मुसलमान किती? दोन. निजाम आणि कासिम रझवी. दलित किती? एकही नाही. बायका? एक, बदनापूरकडच्या दगडाबाई शेळके. म्हणजे त्या पोरानं माझ्याच कागदातून जे निघत होतं तेच बोलून दाखवलं होतं. आपल्याला वाटतं, पोरं शिकली, पेपर वाचायला लागली, राजकारण कळायला लागलं, की मनातली अढी आपोआप जाईल. मलाही तसंच वाटायचं. आता मला तसं वाटत नाही. कशामुळं, ते सांगते.

आधी रझाकारांचं. त्यांनी जे केलं ते केलंच, त्यावर पांघरूण घालायचं नाही. लातुरात वकिली करणारा कासिम रझवी त्यांचा पुढारी. आपल्या सीमेपलीकडं बिदर जिल्ह्यात गोर्टा गाव आहे, तिथं १९४८ च्या मे महिन्यात रझाकारांनी केलेली कत्तल आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी ऐकलेली आहे. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाच्या एका तरुण संपादकाला रझाकारांनी रात्री रस्त्यात गाठून मारलं. तिशीही गाठली नव्हती त्यानं. 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक तो चालवायचा. निजामानं भारतात सामील व्हावं, रझाकार आवरावेत, असं तो लिहीत होता. सात मुसलमान गृहस्थांनी याच मागणीचं एक निवेदन काढलं, तेही त्यानं छापलं. लिहिणारा हात त्या लोकांनी तोडला.

हे नाव मला बीएच्या तीन वर्षांत एकदाही भेटलं नाही. की पुस्तकात होतं आणि परीक्षेला येणार नाही म्हणून मी ते पान उलटलं, देव जाणे.

दुसरं एक पान तर आपल्याकडं कुणी उघडतच नाही. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, तिथं आपली प्रश्नमंजूषा संपते. त्यानंतरच्या आठवड्यांत आपल्या भागात मुसलमानांवर सूड उगवला गेला. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशी घरंही त्यात गेली. भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल यांची समिती चौकशीला पाठवली. १९४८ सालच्या शेवटी ती गावोगाव फिरली. सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे तिनं नोंदवले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आपलं नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. मेलेल्यांचा तिचा अंदाज २७ हजार ते ४० हजार. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आलाच नाही.

त्या अहवालातली एक गोष्ट मी मुद्दाम लक्षात ठेवली आहे. काही ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, असं समितीला दिसलं. आणि हे कुठं जास्त दिसलं? जिथं दोघांचा धंदा एक होता तिथं. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूनं उभे राहिले, त्यात काहींनी जीवही गमावला. त्या विणकरांना कलमं आणि तारखा किती येत असतील? सूत कुठून येतं, सावकार किती कापतो, दोघांच्या घरात चूल कधी पेटत नाही, एवढं मात्र त्यांना एकमेकांचं पक्कं माहीत असणार. या विणकरांकडं मी परत येणार आहे.

आता तीस वर्षं पुढं येऊ. १९७८.

आपल्या मराठवाड्यात कॉलेज म्हणजे काय हे लोकांना फार उशिरा कळलं. निजामाच्या काळात वरचं शिकायचं तर हैदराबाद गाठायचं, तेही उर्दूतून. १९५० साली दोन कॉलेजं निघाली. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, त्यामागं स्वामी रामानंद तीर्थ होते. तेव्हाच्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. पुढं २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं, मिलिंदच्या अगदी शेजारी. या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं, ही मागणी काही आभाळातून पडली नव्हती. ज्या माणसानं या मागास मुलखात कॉलेज आणलं, त्याचं नाव.

२७ जुलै १९७८ ला विधानसभेनं आणि विधान परिषदेनं नामांतराचा ठराव केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन दहाच दिवस झाले होते. ठराव एका पाटीचा होता. कुणाची जमीन, कुणाची नोकरी, कुणाची कॉलेजातली जागा त्यात काढून घेतलेली नव्हती. तरी ठराव झाला त्याच दिवसापासून मराठवाडा पेटला. औरंगाबाद, परभणी, बीड, उस्मानाबाद आणि नांदेड, पाचही जिल्हे. आधी शहरात मोर्चे, बंद, एसटीवर दगड. मग आग खेड्यांत उतरली. दलित वस्त्या जाळल्या, विहिरींचं पाणी बंद केलं, किराणा बंद केला, रोजाचं काम बंद केलं. शेकडो गावं, हजारो माणसं. आपल्याच जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळलं.

सुरुवात कुणी केली? शहरात रस्त्यावर उतरले ते विद्यार्थी. अंगठेबहाद्दर नव्हते ते. चारच वर्षांपूर्वी, १९७४ ला, मराठवाड्याच्या विकासासाठी विद्यार्थ्यांचं मोठं आंदोलन झालं होतं. मराठवाड्याला किती रेल्वे कमी, किती कारखाने कमी, नोकऱ्यांत आपला वाटा किती, हे या पिढीला आकड्यांसकट माहीत होतं. राजकारणाची एवढी जाण असलेली पिढी आपल्याकडं त्याआधी झाली नसेल. त्याच पिढीतली बरीच पोरं नामांतराच्या विरोधात दगड घेऊन उभी राहिली. सगळी नव्हेत. सवर्ण घरातली काही पोरं नामांतराच्या बाजूनं जेलमध्ये गेली, तेही सांगायला पाहिजे. पण ती थोडी होती.

आणि त्यांचा युक्तिवाद ऐका. ते म्हणायचे, आम्ही जातीवरून बोलत नाही, आम्ही इतिहासावरून बोलतो. 'मराठवाडा' हे नाव मुक्तिसंग्रामातून, रक्तातून आलंय, ते पुसू नका. मुक्तिलढ्यातली काही आदरणीय माणसंही याच मताची होती, आणि त्यांच्या मनात दंगल नव्हती, हे मी मानते. पण बघा, १७ सप्टेंबरची आपली आठवण कुठं नेऊन उभी केली. मुक्तिसंग्राम आमचा आणि बाबासाहेब बाहेरचे, असा त्याचा अर्थ झाला. खरं तर १९४७ च्या नोव्हेंबरातच बाबासाहेबांनी जाहीर निवेदन काढलं होतं, की हैदराबाद राज्यातल्या दलितांनी निजामाची आणि इत्तेहादची बाजू अजिबात घेऊ नये. हे किती जणांना माहीत होतं? माझ्या वीस प्रश्नांत ते नव्हतं. त्या पोरांच्या पुस्तकातही नसावं.

इथवर आले तेव्हा मला वाटलं, सापडलं. अर्धं ज्ञान अढी वाढवतं, पुरं ज्ञान दिलं की काम झालं. शोएबुल्ला घाला, मिलिंद कॉलेज घाला, वीसाचे पंचवीस प्रश्न करा.

मग मी आमच्या दुसऱ्या गटातल्या एका आजींशी बोलले. त्यांचं वय सत्तरीच्या पुढं. १९७८ ला त्या माहेरी होत्या, शेजारच्या तालुक्यात, पहिलं लेकरू पाच वर्षांचं. वस्तीवर लोक चालून आले तेव्हा ज्वारी कंबरेला लागली होती, तिच्यात दोन रात्री लेकराच्या तोंडावर हात ठेवून बसल्या. मी विचारलं, "आजी, ते लोक अडाणी असतील ना? कुणीतरी भडकवलेले?" त्या म्हणाल्या, "अडाणी कशाचे बाई. माझ्या लेकराला पाटीवर अ आ काढून देणारा पोरगा होता त्यात. नांदेडला शिकायला होता. बाबासाहेबानं घटना लिहिली, हे त्यानंच मला सांगितलेलं."

मी गप्प झाले. म्हणजे त्याला ते माहीत होतं. विद्यापीठातल्या पोरांना तर मिलिंद कॉलेज खिडकीतून दिसत होतं. त्यांना काय सांगायचं राहिलं होतं?

आता मी माझं मत सांगते, पटलं तर घ्या. माहिती डोक्यात जाते, पण भीती पोटात असते. १९७२ चा दुष्काळ सरून सहाच वर्षं झाली होती. शेतात भागत नव्हतं, डिग्री घेतलेली पोरं पारावर बसून होती. त्याच वेळी मिलिंदमधून शिकलेला, शिष्यवृत्तीवर वर आलेला दलित पोरगा कचेरीत खुर्चीवर दिसायला लागला. गावात त्याच्या बापानं मेलेलं ढोर ओढायचं सोडलेलं, गायरान कसायला घेतलेलं. नोकऱ्याच थोड्या आहेत हे कुणी बोलायचं नाही, 'यांच्यामुळं आपल्याला मिळत नाही' हे सगळे बोलायचे. या डिग्रीवर त्यांचं नाव आलं तर आपल्या डिग्रीला कोण विचारणार, असंही बोललं जायचं, जुनी माणसं सांगतात. ज्याला आकडे जास्त माहीत, तो आपल्या भीतीला आकड्यांनी जास्त चांगलं सजवू शकतो. आमच्या पोलीस भरतीवाल्या पोराचं तरी दुसरं काय? तिसऱ्यांदा भरतीला बसतोय. दोन मार्कांनी गेली मागच्या वेळी. घरात बसून मोबाइलवर त्याला रोज कुणीतरी सांगतं, तुझी जागा कुणी खाल्ली ते. त्याच्या आईचा हप्ता दोन महिने थकला होता, तो माझ्याच वहीत आहे. यानं त्याचं बोलणं माफ होत नाही. पण ते कुठून आलं ते कळतं.

तुम्ही म्हणाल, मग एकमेकांच्या सहवासानं होईल. सहवास तर गावात पिढ्यान्‌पिढ्या आहे की! त्या आजी ज्यांच्या रानात खुरपायला जात, त्यांच्याच घरची पोरं वस्तीवर आली होती. एकमेकांच्या घरात कोण आजारी, कुणाची म्हैस व्याली, सगळं ठाऊक. अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १९५४ साली पूर्वग्रहावर मोठं पुस्तक लिहिलं. त्यात ते सांगतात, नुसतं जवळ राहून अढी जात नाही. दोघांची पायरी सारखी पाहिजे, काम दोघांचं मिळून पाहिजे, आणि वरच्यांचा, म्हणजे कायद्याचा, पुढाऱ्यांचा त्याला पाठिंबा पाहिजे. एक बांधावर उभा आणि एक वाकून खुरपतोय, हा सहवास असतो पण पायरी सारखी नसते. आता ते विणकर आठवा. दोघांचा माग सारखा, दोघांचं देणं सारखं.

हे वाचताना मला आमच्या पेटीची आठवण आली. गटात आपांचे शंभर, माझे शंभर, आजींचे त्यांच्या गटात शंभर. कर्ज बुडालं तर सगळ्यांचं बुडतं. पहिली दोन वर्षं आमच्याही गटात चहाचे कप वेगळे ठेवणाऱ्या होत्या, नाव नाही घेत, आता त्या ऐकत असतील. कुणी भाषण देऊन ते थांबलं नाही. बँकेत पहिलं कर्ज मागायला दहा जणी टेम्पोत बसून गेलो, दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, एकीच्या डब्यातलं सगळ्यांनी खाल्लं. तिथून थांबलं. पण आपल्या पोरांना असा बाक कुठं आहे? शाळा एक असते, पण दहावीनंतर पोरं आपापल्या आळीतल्या पारावर आणि आपापल्या मोबाइलच्या ग्रुपवर. मुक्तिसंग्राम ती त्या ग्रुपवरच शिकतात. जयंत्याही वेगळ्या, मिरवणुकाही वेगळ्या.

नामांतराचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. सोळा वर्षं लढा चालला. १९७९ ला नागपूरहून जोगेंद्र कवाडे यांच्या पुढारपणाखाली लाँग मार्च निघाला, सत्याग्रह झाले, हजारो लोक जेलमध्ये गेले, त्यांत लेकरं कडेवर घेतलेल्या बायाही होत्या. २५ नोव्हेंबर १९९३ ला आपल्या नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला, संक्रांतीला, नामविस्तार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. दोन्ही नावं राहिली. म्हणजे 'मराठवाडा' पुसला जाईल ही भीती होती, ते पुसलं गेलंच नाही. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. माझी डिग्री तिथलीच. १९५० साली ज्या दोघांनी कॉलेजं काढली त्यांचीच नावं आज मराठवाड्याच्या दोन विद्यापीठांवर आहेत. भिंतीवरच्या फ्रेममधल्या त्या डिग्रीकडं मी इतकी वर्षं बघते, पण ही जोडी माझ्या ध्यानात आली ती गेल्या वर्षी, पोह्यांच्या त्या प्रसंगानंतर.

यंदाची प्रश्नमंजूषा जवळ आली आहे. या वेळी दोन गोष्टी बदलतोय. एक, एकेकटं बसायचं नाही, चिठ्ठ्या टाकून दोघांची जोडी, वेगळ्या आळीतले दोघं. आणि आठ दिवस आधी त्या जोडीनं गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला भेटून १९४८ ची किंवा १९७८ ची एक आठवण लिहून आणायची, दोघांची एकच वही. काही आया आत्ताच कुरकुर करायला लागल्यात, पोरगी तिकडच्या वस्तीत कशाला पाठवायची म्हणून. त्यांच्या घरी जाणं चालू आहे. दोघींनी अजून हो म्हटलेलं नाही. तो भरतीवाला पोरगा येणार का, तेही ठाऊक नाही. त्याला निरोप दिलाय. गेल्या वर्षी मी गप्प बसले होते, ते त्याला समोर बसवून बोलायचं राहिलंय.

दुसरं म्हणजे कागदावर नवे प्रश्न. मी आपांना म्हटलं, शोएबुल्ला खानचा प्रश्न तुम्ही विचारा, माइक तुमच्या हातात देते. त्या वही बंद करत म्हणाल्या, "मी विचारला तर पोरं म्हणतील, आपल्या माणसाचा म्हणून विचारूलालीय. तू विचार."

मी विचारणार आहे. अकरावा प्रश्न आहे तो.